झापांनी धरलेला वारा

२०२५च्या फेब्रुवारीतील एका संध्याकाळी आमच्या गावच्या किनाऱ्यावर आठवी-नववीच्या पस्तीसेक मुलामुलींना घेऊन मी उभी होते. पश्चिमेला समुद्राच्या रेषेच्या बरेच वर शुक्र होता, इतका तेजस्वी की ओल्या वाळूवर त्याची फिकट तिरीप उतरली आहे असे वाटावे. पूर्वेला पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांशेजारी मंगळ तांबूस दिसत होता आणि डोक्यावर रोहिणीजवळ गुरू. ओहोटी लागली होती, बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास वाऱ्याबरोबर मधूनच येऊन जात होता. दोन ग्रह एकाच आकाशात समोरासमोर असताना जे सांगायचे ते मी दरवर्षीप्रमाणे सांगितले. पृथ्वीच्या पोटात वितळलेले लोखंड घुसळत असते, त्यातून तिला चुंबकीय कवच मिळाले आहे. सूर्याकडून अहोरात्र वाहणारा भारित कणांचा वारा, म्हणजे सौरवात, या कवचावर अडतो आणि म्हणून आपली हवा टिकली. मंगळाचे कवच फार पूर्वी विझले, म्हणून त्याची हवा सौरवाताने ओरबाडून नेली. मुले मंगळाकडे पाहत राहिली. मग मागच्या रांगेतून नववीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, मग शुक्राचं काय? त्यालाही चुंबक नाही, असं तुम्हीच मागच्या आठवड्यात सांगितलंत. आणि त्याच्या हवेचा दाब तर आपल्या नव्वद पट."

"शुक्र मंगळापेक्षा खूप जड आहे ना, म्हणून," मी म्हणाले आणि दुर्बीण गुरूकडे वळवली. तिने मान हलवली. मोठ्या माणसाने विषय मिटवला आहे हे ज्या मुलाला कळते, ते मूल जशी मान हलवते तशी.

ती हललेली मान पुढे कित्येक दिवस माझ्या डोळ्यांसमोरून गेली नाही.

माझे उत्तर खोटे नव्हते. शुक्राचे गुरुत्व पृथ्वीच्या सुमारे नऊ दशांश आहे. तिथून निसटायला सेकंदाला १० किलोमीटरहून अधिक वेग लागतो, मंगळावरून मात्र ५ किलोमीटर पुरतात. पण जर जडपणा हेच कारण असेल, तर मी इतकी वर्षे कवचाची गोष्ट का सांगत होते, हा तिच्या प्रश्नातला खरा प्रश्न होता आणि तो मी ऐकूनही न ऐकल्यासारखा केला. 'कवच' हा शब्दच असा आहे की तो कानावर पडला की मराठी मन निर्धास्त होते. कर्णाची कवचकुंडले आपण लहानपणापासून ऐकलेली असतात. कवच आहे तोवर बाण लागणार नाही आणि कवच गेले की सगळे संपले, इतका सरळ तो हिशोब. मी तोच हिशोब ग्रहांना लावला होता. घरी आल्यावर जुन्या वह्या, छापून ठेवलेले लेख, मुलाने संगणकावर उतरवून दिलेले शोधनिबंध असे सगळे काढून बसले, आणि लक्षात आले की सौरवाताशी माझी ओळख पुस्तकातून झालेलीच नव्हती. ती त्याच्या कितीतरी आधी आमच्या अंगणात झाली होती, फक्त तेव्हा त्याचे नाव कुणी घेतले नव्हते.

१९७९च्या जुलैत मी दहा वर्षांची होते. स्कायलॅब, म्हणजे अमेरिकेची पृथ्वीभोवती फिरणारी अंतराळ प्रयोगशाळा, कोसळणार, कुठे कोसळणार ते सांगता येत नाही, असे रेडिओवर सांगत होते आणि आषाढातला पाऊस कौलांवर धो धो पडत होता. ज्यांना ते दिवस आठवतात त्यांना गावोगावची भीती वेगळी सांगायला नको. आजीने देवापुढचे निरांजन दोन दिवस शांत होऊ दिले नाही. शेजारच्या काकूंनी साठवणीतले गूळ-तूप काढून मुलांना खाऊ घातले, कारण राहिले तर कुणासाठी. मला मात्र आठवते ती एक विचित्र उत्सुकता. आकाशातून घराएवढी वस्तू येणार आणि ती आपल्या वाडीत पडली तर आपण तिला हात लावू शकू, या विचाराने मी पावसात ओट्यावर बसून वर पाहत असे. ११ जुलैला ती हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडली, आजीने साखर वाटली आणि विषय संपला. ती ठरल्यापेक्षा लवकर का पडली, हे मला बी.एस्सी.ला असताना कळले. सूर्य त्या वर्षांत अंदाजाहून अधिक खवळलेला निघाला होता. त्याच्या अतिनील किरणांनी आणि सौरवाताच्या तडाख्यांनी पृथ्वीची अगदी वरची विरळ हवा तापली, दूध उतू जाण्याआधी पातेल्यात वर येते तशी फुगून वर आली, आणि ७५ टनांहून जड ते यान त्या फुगलेल्या हवेच्या घर्षणाने हळूहळू खाली ओढले गेले. म्हणजे आजी ज्याच्या भीतीने निरांजन लावून रात्र जागत होती, ते संकट मुळात सूर्याकडून आले होते, आणि ते आम्हाला भेटले ते आमच्याच हवेच्या हातून. २०२२च्या फेब्रुवारीत स्टारलिंकच्या नुकत्याच सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी ४०पर्यंत उपग्रह अशाच फुगलेल्या हवेत अडकून गेले, तेव्हा मी ती बातमी दोनदा वाचली; ते सूर्याचे वादळ तर मोठेही नव्हते.

आमच्या गावापासून सायकलच्या अंतरावर अलिबागची चुंबकीय वेधशाळा आहे. आठवीत असताना आमच्या वर्गाला तिथे नेले होते. आत जाण्यापूर्वी आमच्या पत्र्याच्या कंपासपेट्या, किल्ल्या, मुलींच्या केसांतल्या लोखंडी पिना, सगळे बाहेरच्या ओट्यावर काढून ठेवायला लावले, आणि त्या पेट्यांची रांग पाहून मला देवळाबाहेरच्या चपलांची आठवण झाली. लोखंड टाळून बांधलेल्या त्या खोल्यांतला अंधार, थंडावा आणि न बोलता चालणारी माणसे, एवढेच तेव्हा मनात राहिले. ही वेधशाळा १९०४ पासून तिथे आहे, कारण मुंबईत ट्रामगाड्या घोड्यांऐवजी विजेवर चालणार हे ठरले आणि विजेच्या तारांशेजारी कुलाब्याच्या वेधशाळेतील नाजूक चुंबकसुया खऱ्या राहिल्या नसत्या. नानाभाई फ्रामजी मूस, कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक, यांनी हे स्थलांतर घडवून आणले. पण मला सांगायचे आहे ते कुलाब्याचे, त्याहूनही पंचेचाळीस वर्षे आधीचे.

१ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी इंग्लंडमध्ये खगोलनिरीक्षक रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यबिंबावरील डागांचे चित्र काढत असताना डागांच्या समूहात त्यांना डोळे दिपवणारे दोन पांढरे ठिपके दिसले आणि काही मिनिटांत विझले. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला सौरवाताला एरवी तीन-चार दिवस लागतात. त्या स्फोटाबरोबर सुटलेला लोट साडेसतरा तासांच्या आसपास पोहोचला. जगाच्या पुष्कळ भागांत तेव्हा रात्र होती आणि उष्ण कटिबंधापर्यंतच्या लोकांनी आकाश लाल झालेले पाहिले. मुंबईत मात्र २ सप्टेंबरचा दिवस उजाडलेला होता. कुलाब्याच्या समुद्राशेजारी, भरदिवसा, कुणाच्याही डोळ्यांना काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पण वेधशाळेतील निरीक्षक एरवी तासातासाने सुईची नोंद घेत, ती सुई सरकताना पाहून त्यांनी नोंदी आणखी जवळजवळ घ्यायला सुरुवात केली, आणि हाताने लिहिलेल्या त्या आकड्यांत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक थोड्या वेळात सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचे एकक) खाली घसरलेला दिसतो. तिथले नेहमीचे मूल्य ३८ हजारांच्या घरातले. तुलनेसाठी सांगते, मे २०२४मध्ये जे वादळ वीस वर्षांतले सर्वांत मोठे म्हणून गाजले, त्याचा जगभराच्या सरासरीने काढलेला आकडा ४००च्या आसपास होता. युरोपातल्या कित्येक ठिकाणी नोंद कागदाच्या कडेबाहेर गेली, कुलाब्याची राहिली. २००३ साली शास्त्रज्ञ ब्रूस त्सुरुतानी, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखीना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वह्या उघडून ते वादळ पुन्हा मोजले. मला त्या नाव न राहिलेल्या निरीक्षकाबद्दल फार आपुलकी वाटते. त्याला आकाशात काहीच दिसले नाही. त्याने दिसले तेवढेच लिहिले, आणि ते इतके नेमके लिहिले की दीडशे वर्षांनी त्यावर भरवसा ठेवता आला.

मुंबईने ध्रुवीय प्रकाश, म्हणजे अशा वादळात आकाशात उमटणारा तो रंगीत उजेड, कधी पाहिलाच नाही असेही नाही. ४ फेब्रुवारी १८७२च्या वादळात तो मुंबईहूनही दिसल्याची नोंद आहे. मला तो पाहायला मात्र फार दूर जावे लागले.

२०२३च्या दिवाळीच्या सुट्टीत मी भाचीकडे, नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला गेले. पिशवीत चकल्या, शंकरपाळे आणि तिच्या आईने दिलेले दोन स्वेटर. तिथे त्या दिवसांत दुपारीच अंधारून येते आणि तो अंधार आपल्याकडच्या संध्याकाळीसारखा उतरत नाही, तो जणू कधी गेलेलाच नसतो. पहिले दोन दिवस ढग. तिसऱ्या रात्री ती मला शहराबाहेर, समुद्राच्या एका चिंचोळ्या फाट्याच्या काठी घेऊन गेली. बर्फ पायाखाली कोरड्या साबुदाण्यासारखा करकरत होता, नाकातला श्वास आतून टोचत होता आणि तिचे लक्ष आकाशापेक्षा हातातल्या फोनवर जास्त होते. "बीझेड उणे झालाय, मावशी, आता बघ," ती म्हणाली. मी वर पाहिले. डोंगराच्या वर एक राखाडी पट्टा होता, भाताच्या पेजेवरून उठणाऱ्या वाफेसारखा, आणि मला वाटले हा ढगच आहे. तिने फोनवर फोटो काढून दाखवला तर त्यात तो हिरवागार. मला जरा फसवल्यासारखे वाटले, खरे सांगते. इतक्या लांब येऊन आपल्या डोळ्यांना राख आणि यंत्राला पाचू. अंधूक उजेडात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत हे मी मुलांना शिकवलेले होते, तरीही वाटले. मग काही मिनिटांतच तो पट्टा जाडावला, त्याच्या खालच्या कडेला धार आली, ती धार डोंगराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत गेली आणि तेव्हा माझ्या डोळ्यांनाही तो हिरवा दिसला. खालची किनार क्षणभर जांभळट गुलाबी झाली. सगळे आकाश झुलत होते आणि कशाचाही आवाज नव्हता. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला एवढे मोठे हलणारे काही आवाजाशिवाय पाहणे सहन होत नाही. मला भाचीचा हात धरावासा वाटला आणि मी धरला.

त्या हिरव्यामागे काय चालले होते हे मी परत येताना मोटारीत मनाशी लावून पाहिले. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनच्या एकेका अणूवर वेगवान इलेक्ट्रॉन आदळतात, अणू क्षणभर उत्तेजित होतो आणि पाऊण सेकंदाच्या आत-बाहेर ती ऊर्जा हिरव्या प्रकाशात टाकून देतो. त्याच ऑक्सिजनची आणखी एक अवस्था लाल प्रकाश देते, पण तिला जवळजवळ दोन मिनिटे थांबावे लागते. खालच्या दाट हवेत तेवढा निवांतपणा कुठला. दुसरा कुणी अणू येऊन धडकतो आणि प्रकाश देण्याआधीच ऊर्जा हिरावून नेतो. म्हणून लाल रंग दोनशे किलोमीटरच्या वर, जिथे हवा इतकी विरळ आहे की एका अणूला दोन मिनिटे कुणी स्पर्श करत नाही. मे २०२४मध्ये लडाखच्या हानले येथून टिपलेली छायाचित्रे आली, त्यांत क्षितिजाला टेकलेला नुसता लाल पट्टा होता. उत्तरेकडे फार लांब उभ्या असलेल्या पडद्याचा फक्त वरचा काठ पृथ्वीच्या गोलाईआडून डोकावत होता, आणि तो काठ लाल असतो. मला ते छायाचित्र ट्रॉम्सोच्या रात्रीपेक्षाही अधिक हलवून गेले. दूरच्या गावच्या पालखीचा फक्त झेंडा झाडांवरून दिसावा, तसे होते ते.

आणि भाचीचा तो 'बीझेड'. सौरवात आपल्याबरोबर सूर्याचे चुंबकीय क्षेत्रही वाहून आणतो. ते क्षेत्र उत्तरेकडे रोखलेले असेल तोवर पृथ्वीच्या क्षेत्रावरून वारा बराचसा घसरून जातो. ते दक्षिणेकडे वळले, म्हणजे ती संख्या उणे झाली, की दोन्हींच्या रेषा एकमेकींत गुंततात, तुटतात, नव्याने जुळतात. सूर्याकडून आलेली ऊर्जा मग पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला लांबवर पसरलेल्या चुंबकीय शेपटीत साठत जाते आणि तिथून इलेक्ट्रॉन ध्रुवांकडे लोटले जातात. सूर्याचे कण सरळ येऊन ध्रुवांवर पडतात, असे मी शिकवत असे. तेही फार सरळ करून सांगितलेले होते. भरवशाचे कवच घालून बसलेल्या ग्रहाला वाऱ्याची दिशा बदलताच इतके हलावे का लागते, हा प्रश्न मला त्या काठावर पडायला हवा होता. पडला नाही. तो शुक्राच्या निमित्ताने त्या मुलीने विचारला.

त्याचे उत्तर मला शोधनिबंधात मिळाले, पण समजले ते दादांमुळे.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. आमच्या अंगणात उन्हासाठी मांडव असतो, त्यावर आणि दोन बाजूंना नारळाच्या झावळ्या विणून केलेली झापे. ऊन अडते, पावसाची झड अडते, त्याच्या सावलीत सुपारी सोलायला बसता येते. ३ जून २०२०च्या सकाळी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्याकडे येत होते, समुद्राचा आवाज घरात बसून ऐकू येत होता आणि दादा, ऐंशी उलटलेले, ओट्यावरून ओरडत होते, "झापं सोडा! वारा धरतायत!" मला तेव्हा ते उलटे वाटले. वादळ येत असताना आडोसा काढून टाकायचा? भावाने एका बाजूची झापे कोयत्याने तोडून काढली, दुसऱ्या बाजूची राहून गेली. दुपारी वारा घुसला तेव्हा उघड्या बाजूचे खांब नुसते थरथरत राहिले, वारा त्यांच्यामधून निघून गेला. ज्या बाजूला झापे होती ती बाजू शिडासारखी भरली, तिने सगळा वारा अंगावर घेतला, तो दोरांतून खांबांत उतरला आणि खांब मातीसकट वर आले. संध्याकाळी पडलेल्या पोफळींमधून वाट काढत मी ते खड्डे पाहिले. खांबाच्या मुळाशी माती लोण्यासारखी सैल झाली होती.

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हे असे झाप आहे. सूर्याच्या दिशेने ते साधारण ६५ हजार किलोमीटरपर्यंत पसरलेले असते. म्हणजे सौरवाताच्या वाटेत पृथ्वी जेवढी आहे त्याच्या कितीतरी पट मोठी होऊन उभी राहते. बहुतेक वारा ते बाजूला वळवते, यात शंका नाही, आणि अंतराळातून येणाऱ्या घातक कणांचा मारा कमी करण्यात त्याचा मोठा वाटा आहे. पण एवढ्या मोठ्या अंगाने जो वारा धरला जातो त्याची ऊर्जा कुठेतरी उतरावीच लागते, आणि ती क्षेत्राच्या रेषांवरून, दोरांवरून खांबांत उतरावी तशी, ध्रुवांकडे उतरते. तिथली वरची हवा तापते, ढवळली जाते, ऑक्सिजनचे अणू इलेक्ट्रॉन गमावून आयन होतात, वर उचलले जातात आणि त्यांतले काही पृथ्वी सोडून जातात. माझ्या भाचीच्या डोंगरावर जो पडदा झुलत होता तो या ढवळण्याचाच उजेड. आम्ही दोघी ज्याच्याकडे पाहून हरखलो होतो तिथेच, त्याच वेळी, पृथ्वीची हवा थोडी सैल होत होती, खांबाच्या मुळाशी माती सैल व्हावी तशी. यातले काही आयन शेपटीतून पुन्हा पृथ्वीकडे वळतातही. किती वळतात आणि किती कायमचे जातात, यावर अभ्यासकांमध्ये खरा वाद आहे, आणि चुंबकीय क्षेत्र हवा राखते की घालवते हा प्रश्न त्याच वादावर उभा आहे. पृथ्वी, शुक्र आणि मंगळ या तिघांकडून आयनरूपाने निसटणाऱ्या हवेचे आजचे अंदाज एकमेकांपासून फार दूर नाहीत, हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले होते. कवच असलेली एक, नसलेले दोघे, आणि गळती जवळपास सारखी.

मग मंगळाचे काय झाले? सप्टेंबर २०१४मध्ये आपले मंगळयान तिथे पोहोचले त्या सकाळी आम्ही शाळेत टीव्ही लावून मुलांना बसवले होते. त्याच्या दोनच दिवस आधी नासाचे मेव्हन यान पोहोचले होते, आणि ते खास मंगळाची वरची हवा कशी निसटते हे पाहण्यासाठीच गेले होते. त्याने मोजले की सौरवातामुळे मंगळावरून सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम वायू जातो. किराणा दुकानातल्या तराजूचे ते छोटे शंभर ग्रॅमचे वजन. तेवढे, दर सेकंदाला, अब्जावधी वर्षे. सूर्याचे वादळ आदळले की हा वेग कितीतरी पटींनी वाढतो, आणि तरुणपणी सूर्य आजच्याहून फार खवळलेला होता. मंगळाच्या हवेतल्या आर्गॉन या वायूच्या जड आणि हलक्या अणूंचे प्रमाण पाहून काढलेला निष्कर्ष असा की तिथला जवळजवळ दोन तृतीयांश आर्गॉन अवकाशात गेला. तेव्हा मंगळाची हवा ओरबाडली गेली हे मी सांगत होते ते खरेच आहे. चुकत होते ते 'म्हणून'. मंगळ लहान आहे, त्याची पकड सैल, ज्वालामुखी थंडावल्यावर आतून नवी हवा यायची थांबली, आणि वारा मात्र चालूच राहिला. मंगळालाही ध्रुवीय प्रकाश आहे, फक्त त्याला ध्रुव लागत नाहीत. जागतिक चुंबकीय क्षेत्र नसल्यामुळे सौरकणांना अडवणारे काही नाही, आणि मोठ्या वादळात ग्रहाचे सगळे रात्रीचे आकाश मंद उजळते. मार्च २०२४मध्ये पर्सिव्हरन्स या गाडीने मंगळाच्या जमिनीवरून तो उजेड टिपला. ऑक्सिजनचाच, ट्रॉम्सोचाच हिरवा. त्या धुळकट लाल ग्रहावर उभ्या माणसाला दिशा न पाहता कुठूनही तो दिसू शकतो, आणि तिथे त्याला झापही नाही, दोरही नाही.

डिसेंबर २०२२मधली एक घटना मला विशेष आवडते. मंगळापाशी दोनेक दिवस सौरवात जवळजवळ थांबला, त्याची घनता शंभरपट उतरली. वारा पडला, असे आपण म्हणतो तसा पडला. आणि एरवी त्याच्या दाबाखाली चेपून राहिलेले मंगळाभोवतीचे आवरण हजारो किलोमीटर बाहेर फुगले, जणू कुणी छातीवरचे ओझे उचलल्यावर ग्रहाने श्वास घेतला. वारा परतला तेव्हा ते पुन्हा चेपले गेले. सौरवात किती दाबतो हे तो नसताना कळले.

शुक्राला जन्मजात चुंबकीय क्षेत्र नाही, पण सूर्याच्या उजेडाने त्याच्या वरच्या हवेचे आयन होतात, ती हवा वीज वाहू लागते, आणि सौरवाताबरोबर आलेले क्षेत्र तिच्यात शिरू न शकल्यामुळे तिच्याभोवती गुंडाळले जाते. म्हणजे जो वारा मारायला येतो त्याच्याच पदराने शुक्र स्वतःला झाकून घेतो. झाकण लहान, ग्रहाला चिकटलेले, उघड्या खांबांसारखे कमी वारा धरणारे. त्याखाली जड कार्बन डायऑक्साइड, मंगळाहून दुप्पट घट्ट पकड. तरीही शुक्र काही गमावल्यावाचून राहिलेला नाही. युरोपच्या व्हीनस एक्सप्रेसने तिथून निसटणारे हायड्रोजन आणि ऑक्सिजन मोजले तेव्हा ते दोनास एक या प्रमाणात निघाले. पाण्याचे प्रमाण. शुक्राची हवा राहिली, पाणी गेले, आणि त्या जाण्यातला शेवटचा ओघळ अजून चालू आहे. किनाऱ्यावर तो पाहताना हेच सांगायला हवे होते.

जूनमध्ये ती मुलगी दहावीत गेली आणि माझा तास तिच्या वर्गावर राहिला नाही. मी तिला बोलावून सांगेन असे ठरवत राहिले आणि लांबवत राहिले. चूक कबूल करण्याचे शब्द मला फार शोधावे लागत होते. शेवटी कोजागिरीला, ६ ऑक्टोबरला, शाळेच्या अंगणात दुधाचे पातेले चुलीवर होते, केशर घालायचे बाकी होते आणि मुलींचा फेर चालू होता, तेव्हा ती पेले मांडायला माझ्या शेजारी आली. मी तिला म्हणाले, "शुक्राबद्दल तू विचारलं होतंस. मी तुला अर्धंच उत्तर दिलं." ती पेला हातात धरून थांबली. तिला आठवत होते. मग मी झापांचे सांगितले, तिच्याही घरचा मांडव त्याच वादळात गेला होता म्हणून ते तिला लगेच कळले. आणि शुक्राचा पदर, आणि मंगळाचे शंभर ग्रॅम.

"म्हणजे आपलीही हवा जाते?" तिने विचारले.

"जाते. नुसता हायड्रोजनच सेकंदाला तीनेक किलो. तो काही सगळा सौरवातामुळे नाही, बराचसा हलका म्हणून आपोआप सुटतो. पण ऑक्सिजनही जातो, ध्रुवांकडून." मग मला ते आठवले, जे मी तिच्यासाठीच राखून ठेवल्यासारखे झाले होते. "पौर्णिमेच्या आसपास चारपाच दिवस चंद्र पृथ्वीच्या चुंबकीय शेपटीतून जातो. तेव्हा इथून निघालेला थोडा ऑक्सिजन त्याच्यापर्यंत पोहोचतो. कागुया नावाच्या जपानी यानाने तो मोजलाय."

तिने वर पाहिले. चंद्र माडांच्या शेंड्यांवर आला होता.

"म्हणजे आत्ता?"

"आत्ता."

"किती?"

"नखाएवढ्या जागेवर सेकंदाला सव्वीसेक हजार आयन," मी म्हणाले. "म्हणजे तसं काहीच नाही."

तिने पेला खाली ठेवला, एक डोळा मिटला आणि करंगळीचे नख चंद्रासमोर धरले.